आयर्लंडचे तरुण जंप घोडे आणि त्यांची वंशावळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चात इंग्लंडमधलं चेल्टनहॅमचं जंप रेसिंग फेस्टिव्हल जवळ आलं की दोन प्रकारचे लोक तेच ते प्रश्न विचारतात. एक, डब्लिन-लंडनकडे स्थायिक झालेले मराठी लोक, ज्यांच्या ऑफिसात त्या चार दिवसांत दुसरा विषयच नसतो. आणि दोन, महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर वाढलेले जुने शौकीन, ज्यांना घोड्यांची घराणी तोंडपाठ असतात पण उड्या मारणारे घोडे नवे असतात. दोघांसाठी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

जंप रेस म्हणजे काय, आणि त्यात "तरुण" घोडा किती वर्षांचा?

आपल्याकडे पाहतो ती फ्लॅट रेस. सपाट गवत, वाटेत काही नाही. जंप रेसमध्ये अंतर साधारण दोन मैलांपासून सव्वाचार मैलांपर्यंत असतं आणि वाटेत अडथळे असतात. हर्डल किमान साडेतीन फूट उंच असतं आणि धक्का लागला तर वाकतं. फेन्स किमान साडेचार फूट, आणि ती फारशी दयामाया दाखवत नाही.

फ्लॅटचा घोडा दोन वर्षांचा असतानाच पळायला लागतो. जंपचा घोडा तोवर कुरणात चरत असतो. तो चौथ्या-पाचव्या वर्षी ट्रॅकवर येतो आणि सात ते नऊ या वयात ऐन भरात असतो. म्हणून इथे तीन ते सहा वर्षांच्या घोड्यांना तरुण म्हणायचं. वय १ जानेवारीपासून मोजतात, मग शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेलं असो की मेमध्ये.

या वयाच्या घोड्यांच्या चार परीक्षा. तीन-चार वर्षांच्यांचे जुव्हेनाइल हर्डल. अडथळे नसलेली "बंपर" रेस, जी जंपच्या घोड्यांना गर्दीत पळायची सवय लागावी म्हणून असते. नवख्यांचे नॉव्हिस हर्डल. आणि आयर्लंडची खासियत असलेली पॉइंट-टू-पॉइंट. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

गोल्ड कप जिंकलेल्या घोड्याची पोरं रेसमध्ये का दिसत नाहीत?

गोल्ड कप म्हणजे चेल्टनहॅमची फेन्सवरची सर्वांत मोठी रेस. ती जिंकणाऱ्याची पोरं नसतात, कारण तो खच्ची केलेला असतो. जंपचे बहुतेक नर घोडे लहानपणीच खच्ची करतात. अंगावर येणारा, माद्यांकडे लक्ष असलेला घोडा पाच-सहा वर्षं तबेल्यात सांभाळणं आणि त्याला फेन्सवर घालणं हे कुणालाच परवडत नाही. खच्ची केलेला घोडा शांत राहतो, अंगानं हलका राहतो आणि जास्त वर्षं पळतो.

त्याचा परिणाम असा की आर्कल, बेस्ट मेट, किंवा तीनदा चॅम्पियन हर्डल (हर्डलवरची सर्वांत मोठी रेस) जिंकलेला इस्टाब्राक, यांपैकी कुणाचाही वंश पुढे गेला नाही. जगातल्या सर्वोत्तम जंप घोड्यांचं रक्त त्यांच्याबरोबर संपतं. उरतात त्यांच्या बहिणी आणि आया. या खेळाच्या पैदाशीत जी काही गंमत आहे ती सगळी इथून सुरू होते.

मग बाप येतात कुठून?

फ्लॅटवरून. तेही लांब पल्ल्याच्या फ्लॅटवरून. दीड ते अडीच मैल पळणारा, दमदार, हाडापेरानं मजबूत घोडा, ज्याला फ्लॅटवाल्यांच्या बाजारात गिऱ्हाईक नसतं कारण तिथे सगळ्यांना वेग हवा असतो. असा घोडा जंपचा बाप म्हणून आयर्लंडमध्ये येतो. कुलमोर स्टड (स्टड म्हणजे पैदाशीचं फार्म) टिपररीत फेथर्डजवळ आहे, पण त्यांचे जंपचे घोडे कॉर्कमधल्या फर्मॉयजवळचं ग्रेंज आणि कासलहाइड, वॉटरफर्डमधलं बीचेस अशा ठिकाणी ठेवलेले असतात.

यातलं सर्वांत मोठं नाव सॅडलर्स वेल्स. १९८१ चा जन्म, नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. ब्रिटन-आयर्लंडच्या फ्लॅटवर तो १४ वेळा चॅम्पियन सायर झाला, म्हणजे त्याच्या पोरांनी त्या त्या वर्षी सर्वांत जास्त बक्षिसाची रक्कम मिळवली. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं ते पुढचं. इस्टाब्राक त्याचा मुलगा. आणि त्याच्या मुलांपैकी जे फ्लॅटचे मोठे बाप होऊ शकले नाहीत त्यांनी जंपचा बाजार व्यापला. ओल्ड विकनं १९८९ ची आयरिश डर्बी जिंकली होती. त्याची पोरं किकिंग किंग (गोल्ड कप, २००५), कम्प्लाय ऑर डाय आणि डोन्ट पुश इट (फेन्सवरची लांब पल्ल्याची प्रसिद्ध रेस ग्रँड नॅशनल, २००८ आणि २०१०). ऑस्करचा लॉर्ड विंडरमियर २०१४ चा गोल्ड कप जिंकला. सेंट लेजर जिंकलेल्या मिलानचा जेझ्की त्याच वर्षी चॅम्पियन हर्डल जिंकला. चार वेळा अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकणाऱ्या येट्सचा नोबल येट्स २०२२ चा ग्रँड नॅशनल जिंकला. आता हीच गोष्ट नातवंडांच्या पिढीत चालू आहे.

सॅडलर्स वेल्सच्या आधी हे स्थान डीप रनचं होतं. तोही १४ वेळा चॅम्पियन, पण जंपच्या यादीत.

नवा घोडा बाप म्हणून चांगला की वाईट, हे कळायला किती काळ लागतो?

फार. घोडी यंदा फळवली तर अकरा महिन्यांनी शिंगरू. तीन वर्षांचं होईतो ते कुरणात. चौथ्या-पाचव्या वर्षी पहिली रेस, सातव्या-आठव्या वर्षी मोठी रेस. म्हणजे बापाचं नाव व्हायला आठ-दहा वर्षं जातात. किल्केनीचा स्टोअवे २०१५ मध्ये मेला. त्याची मुलगी पुट द केटल ऑन हिनं २०२१ मध्ये चेल्टनहॅमची चॅम्पियन चेस (चेस म्हणजे फेन्सवरची रेस) जिंकली, आणि त्याच फेस्टिव्हलमध्ये त्याचा मंकफिश नॉव्हिस चेस जिंकला. तोवर बापाकडे घोडी पाठवायची सोय उरली नव्हती.

यामुळे पैदास करणारे बरेचसे अंदाजावर चालतात. नव्या बापाची पहिली एक-दोन वर्षं फॅशन असते, दोन-दोनशे घोड्या येतात, मग पोरं पळेपर्यंत शांतता, आणि पोरांनी निराशा केली की विस्मरण. जाहिरातीतल्या नव्या बापामागे धावू नये, असं माझं मत आहे. लहान शेतकरी तर त्यात हमखास भाजून निघतो.

वॉक इन द पार्कचं नाव सगळीकडे का दिसतं?

कारण त्याच्या बाबतीत ही वाट पाहणं आधीच संपलं होतं. तो मोंझ्यूचा मुलगा, म्हणजे सॅडलर्स वेल्सचा नातू. २००५ च्या एप्सम डर्बीत दुसरा. फ्रान्समध्ये स्वस्तात उभा होता. तिथे त्याचे दोन मुलगे निघाले, दूवाँ आणि मिन, आणि दोघेही आयरिश ट्रेनर विली मलिन्सच्या तबेल्यात गाजले. २०१६ मध्ये कुलमोरनं त्याला ग्रेंज स्टडला आणलं आणि आयर्लंडमधल्या उत्तमोत्तम घोड्या त्याच्याकडे गेल्या. २०२५ मध्ये गोल्ड कप जिंकणारा इनोदवेयुरथिंकिन आणि ग्रँड नॅशनल जिंकणारा निक रॉकेट, दोन्ही त्याचेच. एकाच वर्षी दोन्ही मुकुट एका बापाच्या पोरांना, यापुढे काय बोलायचं.

तरी एक लक्षात ठेवा. उत्तम घोड्या मिळाल्यावर उत्तम पोरं होण्यात बापाचा वाटा किती आणि आयांचा किती, हे कुणालाही नीट वेगळं काढता आलेलं नाही.

वंशावळीचं पान वाचायचं कसं?

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एका घोड्याला एक पान. वरती तक्ता: वरचा अर्धा भाग बापाचा, खालचा आईचा. त्याखाली बापाबद्दल दोन-चार ओळी, आणि मग पानाचा मोठा भाग "पहिली आई", "दुसरी आई", "तिसरी आई" असा. म्हणजे आई, आजी, पणजी आणि त्यांची सगळी पोरं. ग्रेड किंवा लिस्टेड (म्हणजे वरच्या दर्जाच्या) रेस जिंकलेल्यांची नावं ठळक मोठ्या अक्षरांत, तिथे दुसरे-तिसरे आलेल्यांची ठळक पण लहान अक्षरांत. यालाच रेसवाले "ब्लॅक टाइप" म्हणतात.

मी पान आईपासून वाचायला घेतो आणि बाप शेवटी पाहतो. बापाचं नाव शंभर पानांवर तेच असतं. आजोळ मात्र प्रत्येकाचं वेगळं.

उदाहरण म्हणून मिस्टिकल पॉवर घ्या. जन्म २०१९, तबेला मलिन्सचा. २०२४ मध्ये पाच वर्षांचा असताना त्यानं इंग्लंडच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर टॉप नॉव्हिसेस हर्डल आणि मग आयर्लंडच्या पंचेस्टाउनला चॅम्पियन नॉव्हिस हर्डल जिंकला. दोन्ही ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या.

पहिली आई: अ‍ॅनी पॉवर. २०१६ ची चॅम्पियन हर्डल विजेती. इथेच निम्मे लोक पान मिटून हात वर करतील. पण खाली जा. दुसरी आई अ‍ॅनो लुचे, जिचा बाप ओल्ड विक, जो वर आपल्याला ग्रँड नॅशनलवाल्यांचा बाप म्हणून भेटला. तिसरी आई अ‍ॅना पाओला, १९८१ ची जर्मन ओक्स विजेती. म्हणजे आजोळ फ्लॅटचं, जर्मन आणि खानदानी. अ‍ॅनी पॉवरचा बाप शिरोको हाही जर्मन, मोन्सुनचा मुलगा, २००४ ची जर्मन डर्बी जिंकलेला. जर्मन रक्तात दम आणि भक्कम हाडं असतात असं जंपवाले मानतात आणि मोन्सुनचं नाव दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो.

आता बाप. गॅलिलिओ. सॅडलर्स वेल्सचा मुलगा आणि जगातल्या फ्लॅटचा आपल्या काळातला सर्वांत मोठा बाप. त्याच्याकडे घोडी पाठवायची फी जाहीरच केली जात नसे. जंपची घोडी सहसा त्याच्या दारात जात नसे; अ‍ॅनी पॉवरच्या मालकांनी ती हौस केली आणि ती फळली.

त्याच वर्षी चेल्टनहॅमच्या सुप्रीम नॉव्हिस हर्डलमध्ये मिस्टिकल पॉवर दुसरा आला. जिंकला स्लेड स्टील. त्याचा बाप टेलिस्कोप, आणि टेलिस्कोपचा बाप गॅलिलिओ. मुलगा दुसरा आणि नातू पहिला.

पानात फसवणूक असते का?

खोटं नसतं. मांडणीत मात्र हुशारी असते. पहिल्या आईखाली दोन ओळी आणि तिसऱ्या-चौथ्या आईखाली ठळक अक्षरांची गर्दी दिसली तर सावध व्हा. पणजीच्या पुण्याईवर घोडा विकला जातोय. आईनं आजवर किती शिंगरं दिली, त्यातली किती रेसपर्यंत पोचली, किती जिंकली, हे मोजा. सहा पोरांपैकी एकही पळलं नसेल तर पानात ते ओरडून सांगितलेलं नसतं, पण लिहिलेलं असतं.

उलट, आई तरुण असेल आणि हे तिचं पहिलं-दुसरं शिंगरू असेल तर पान रिकामं दिसणारच. त्यात तिचा दोष नाही.

एकाच बापाचे दोन घोडे म्हणजे भाऊ का?

रेसच्या हिशेबात नाहीत. बापाची पोरं हजारांत असू शकतात, त्यामुळे त्या नात्याला किंमत नाही. आई एक असेल तरच भाऊ-बहीण. आई-बाप दोन्ही एक असतील तर सख्खे. इनोदवेयुरथिंकिन आणि लिमरिक लेस सख्खे, दोघांची आई स्वे. २०२४ च्या चेल्टनहॅममध्ये त्यानं किम म्यूर जिंकली आणि तिनं मेअर्स चेस. एका आईची दोन पोरं, एकच फेस्टिव्हल. जॉनबॉन हा दूवाँचा सख्खा भाऊ. एक पॉइंट-टू-पॉइंट जिंकल्यावर २०२० मध्ये त्याला ५,७०,००० पौंड मिळाले, आणि त्यातला मोठा हिस्सा भावाच्या नावाचा होता हे उघड आहे. पुढे त्यानं ती किंमत योग्य ठरवली. सगळे ठरवत नाहीत.

आई स्वतः धावलेली, जिंकलेली असायला हवी का?

असली तर उत्तम, पण हे आता आता शक्य झालंय. पूर्वी जंपच्या घोडीला रेसमध्ये कुणी फारसं घालतच नसे. नर घोड्यांबरोबर पळवा, दुखापतीचा धोका घ्या, आणि बक्षीस काय तर थोडकं. म्हणून बऱ्याच आया न पळताच पैदाशीला गेल्या, आणि कुठल्या घोडीत किती दम होता हे कळलंच नाही.

डॉन रनची कथा आयर्लंडमध्ये अजून सांगतात. डीप रनची मुलगी, ५,८०० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) घेतलेली. मालकीण शार्मियन हिल, ज्यांना लोक "गॅलपिंग ग्रॅनी" म्हणत. १९८४ ची चॅम्पियन हर्डल आणि १९८६ चा गोल्ड कप, दोन्ही जिंकणारी आजवरची एकमेव. आणि गोल्ड कपनंतर काही महिन्यांतच पॅरिसच्या ओतय ट्रॅकवर पडून ती मेली. एकही शिंगरू मागे नाही. त्या रक्ताचं काय झालं असतं यावर पबमध्ये रात्र काढता येते.

चित्र बदललं ते माद्यांच्या वेगळ्या रेसेसमुळे. चेल्टनहॅमला २००८ मध्ये मेअर्स हर्डल आलं, २०१६ मध्ये माद्यांचं नॉव्हिस हर्डल, २०२१ मध्ये मेअर्स चेस. खुल्या रेसमध्ये माद्यांना ७ पौंड वजनाची सवलत मिळते. आयर्लंडमध्ये जंपच्या फिलीजसाठी (तरुण माद्यांसाठी) बोनस योजनाही आहे. त्यामुळे माद्या पळू लागल्या आणि त्यांची लायकी कळू लागली. केव्हेगानं २००९ ते २०१४ सलग सहा वेळा मेअर्स हर्डल जिंकलं, मग ती पैदाशीला गेली आणि वॉक इन द पार्कपासून तिला फासिल व्हेगा झाला, जो २०२२ मध्ये चेल्टनहॅमचा चॅम्पियन बंपर जिंकला. हनीसकलनं पहिल्या १६ रेसेस ओळीनं जिंकल्या, २०२१ आणि २०२२ ची चॅम्पियन हर्डल त्यात आली. तीही आता आई झाली आहे. खाण तशी माती म्हणतात. जंपमध्ये खाण कुठे आहे हे तपासायची सोय आत्ता कुठे झालीय.

हे सगळं आयर्लंडमध्येच का?

इतिहास म्हणाल तर १७५२ मध्ये कॉर्कमध्ये दोन शेजाऱ्यांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कुंपणं, भिंती, चर ओलांडत घोडे फेकले. मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत म्हणून स्टीपलचेस. जमीन म्हणाल तर खाली चुनखडीचा खडक, वर बारमाही गवत. त्या गवतातल्या कॅल्शियमनं हाडं भरतात असा तिथला ठाम विश्वास. पैसा म्हणाल तर १९६९ पासून २००८ पर्यंत स्टॅलियनच्या फीवर तिथे कर नव्हता, आणि त्या चाळीस वर्षांत मोठी स्टड फार्म उभी राहिली.

पण खरं कारण माणसं आहेत. दोन-तीन घोड्या, चार गाई आणि थोडी मेंढरं असलेला शेतकरी, जो आजोबांपासून चालत आलेली घोडीची ओळ विकत नाही. आर्कल असाच जन्मला: डब्लिनच्या उत्तरेकडचं एक शेतकरी घर, त्यांची स्वतःची घोडी ब्राइट चेरी.

मग इतक्या विजेत्यांच्या नावापुढे कंसात "एफआर" का दिसतं?

वर्मावर बोट ठेवलंत. कंसातली अक्षरं जन्माचा देश सांगतात, ट्रेनरचा नाही. आयरिश तबेल्यांतले बरेच तारे फ्रान्समध्ये जन्मलेले आहेत. २०२३ आणि २०२४ चा गोल्ड कप जिंकणारा गालोपाँ दे शाँ फ्रेंच. चार वर्षांच्यांची सर्वांत मोठी रेस म्हणजे ट्रायम्फ हर्डल. तिथले व्होबान, लॉसीमाउथ, माजबरो हे २०२२ ते २०२४ चे तिन्ही विजेते फ्रान्सचे, आणि तिघेही आयर्लंडच्या तबेल्यांतले.

याचं कारण शिक्षण. फ्रान्समध्ये जंपच्या घोड्याला दुसऱ्या वर्षीच उडी शिकवतात आणि तिसऱ्या वर्षी ओतयसारख्या ट्रॅकवर पळवतात. मग तो चौथ्या वर्षी अनुभवी असतो, आयरिश घोडा तेव्हा शाळेत नाव घालतोय. दुसरं असं की फ्रेंच लोक कधीकधी स्वतः उड्या मारून जिंकलेल्या घोड्यालाही खच्ची न करता बाप म्हणून ठेवतात. सँ दे सँ हा ओतयवर जिंकलेला हर्डलर, आणि पुढे मोठा बाप. आणि त्यांच्याकडे "एक्यूपीएस" नावाची अर्धवट थरोब्रेड (थरोब्रेड म्हणजे रेसच्या घोड्यांची शुद्ध जात) पैदास आहे, जिच्या जन्मवर्षाप्रमाणे नावाचं आद्याक्षर ठरतं. शुद्ध थरोब्रेडवालेही बऱ्याचदा ती प्रथा पाळतात. गालोपाँ दे शाँ २०१६ चा, म्हणून "जी".

मला आयरिश पद्धत जास्त आवडते, उशिरानं सुरू केलेला घोडा टिकतो. पण वयाच्या चौथ्या वर्षी कप हवा असेल तर पैसे फ्रान्सला न्या.

स्टोअर म्हणजे काय? आणि पॉइंट-टू-पॉइंटची एवढी चर्चा का?

स्टोअर म्हणजे तीन वर्षांचा, अजून खोगीरसुद्धा न चढवलेला घोडा. जून महिन्यात गॉफ्स आणि टॅटरसॉल्स या कंपन्यांच्या लिलावांत ते येतात. घेणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी: वंशावळीचं पान आणि घोड्याची चाल. रिंगणात तो चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतो का, पाठ कशी आहे, गुडघा कसा आहे, हे बघत लोक तासन्‌तास उभे असतात. पळताना त्याला कुणीच पाहिलेलं नसतं.

हे स्टोअर घेणारे बरेचसे वेक्सफर्ड, टिपररी, कॉर्ककडचे पॉइंट-टू-पॉइंटवाले. ते घोडा शिकवतात आणि पुढच्या वसंतात चार वर्षांच्या मेडन (कधीच न जिंकलेल्यांच्या) रेसमध्ये घालतात. शेतात आखलेला ट्रॅक, साधारण तीन मैल, फेन्स खऱ्याखुऱ्या, जॉकी हौशी. घोडा छान जिंकला की काही दिवसांतच लिलाव, कधी चेल्टनहॅमला, कधी पंचेस्टाउनला. हनीसकल २०१८ मध्ये एक पॉइंट-टू-पॉइंट जिंकून अशीच १,१०,००० युरोंना गेली. त्याच वर्षी एन्व्होय अ‍ॅलन बॅलिनाबूलाची रेस जिंकून चार लाख पौंडांना. पुढच्या वर्षी त्यानं चॅम्पियन बंपर जिंकलं.

इथे वंशावळीचं काम अर्धं होऊन जातं. स्टोअरच्या वेळी पान म्हणजे सर्वस्व. पॉइंट-टू-पॉइंट जिंकल्यावर लोक आधी रेसचा व्हिडिओ बघतात, मग पान.

"मिनेला" नावाचे इतके घोडे, ते एका घराण्याचे का?

अजिबात नाही. मिनेला हे टिपररीतल्या क्लोनमेल गावचं हॉटेल. मालकांच्या कुटुंबातले जॉन नॅलन पॉइंट-टू-पॉइंटचे घोडे तयार करून विकतात आणि नावापुढे हॉटेलचं नाव लावतात. २०२१ चा गोल्ड कप जिंकणारा मिनेला इंडो आणि त्याच वर्षीचा ग्रँड नॅशनल जिंकणारा मिनेला टाइम्स यांचं रक्ताचं नातं या नावावरून शोधू नका.

फ्लॅटसाठी जन्मलेला घोडा जंपला चालतो?

जुव्हेनाइल हर्डलमध्ये हमखास चालतो, कारण तिथे वेग लागतो आणि फ्लॅटवर पळून त्याचं अंग तयार असतं. इस्टाब्राक तसाच: फ्लॅटवर बेताचा, ३८,००० गिनींना विकला गेलेला. आई बेटीज सीक्रेट ही अमेरिकेच्या सेक्रेटेरियटची मुलगी, भाऊ सेक्रेटो १९८४ चा एप्सम डर्बी विजेता. त्या पानावर उडीचा मागमूस नाही.

आणि टायगर रोल. आयर्लंडमध्ये जन्मलेला, बाप ऑथराइज्ड, २००७ ची डर्बी जिंकलेला. गोडॉल्फिन या बड्या फ्लॅट तबेल्यानं त्याला न पळवताच १०,००० पौंडांना विकला. २०१४ मध्ये ट्रायम्फ हर्डल जिंकला, मग अंगापिंडानं लहानसा असूनही २०१८ आणि २०१९ चा ग्रँड नॅशनल. बापाकडून गेलात तर ऑथराइज्ड, मोंझ्यू, सॅडलर्स वेल्स. पुन्हा तेच घर.

"२×४" असं लिहिलेलं असतं ते काय?

एकच पूर्वज दोन्हीकडून कितव्या पिढीत येतो ते. मिस्टिकल पॉवरच्या बापाचा बाप सॅडलर्स वेल्स, म्हणजे दुसरी पिढी. आईच्या आईचा बाप ओल्ड विक आणि त्याचा बाप सॅडलर्स वेल्स, म्हणजे चौथी. म्हणून सॅडलर्स वेल्स २×४. आयर्लंडमध्ये हे नाव इतकं पसरलंय की त्याच्याशिवायची घोडी शोधणं अवघड. म्हणूनच मोन्सुनसारख्या बाहेरच्या ओळींना मागणी आहे.

कृत्रिम रेतन चालतं का?

नाही. थरोब्रेडमध्ये घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोगच लागतो, नाहीतर स्टड बुकात नोंद होत नाही. शिंगराची डीएनए तपासणी आणि मायक्रोचिप सक्तीची आहे, त्यामुळे बाप बदलायची चलाखी आता होत नाही.

जीनची तपासणी करून विजेता ओळखता येतो?

पल्ला ओळखता येतो, विजेता नाही. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एमेलीन हिल यांच्या गटानं २०१० मध्ये मायोस्टॅटिन या जीनचा आणि रेसच्या अंतराचा संबंध दाखवला. "सीसी" असेल तर कमी अंतर, "सीटी" मधलं, "टीटी" लांबचं. जंपच्या घोड्यात तिसरा प्रकार अपेक्षित. उडी मारायची अक्कल, पडल्यावर पुन्हा उभं राहायची हिंमत, यासाठी अशी तपासणी नाही.

वंशावळ साफ चुकल्याची उदाहरणं?

सर्वांत मोठं उदाहरण सर्वांत मोठ्या घोड्याचं. आर्कलचा बाप आर्काइव्ह, आयुष्यात एकही रेस न जिंकलेला. फी ४८ गिनी. कुणी विचारलं असतं तर हसले असते. पण आर्काइव्हचा बाप होता नेआर्को, आणि नेआर्कोच नॉर्दर्न डान्सरचा आजोबा, म्हणजे सॅडलर्स वेल्सचा पणजोबा. आई ब्राइट चेरी स्वतः चेस जिंकलेली. आर्कल १,१५० गिनींना विकला गेला, १९६४ ते १९६६ सलग तीन गोल्ड कप जिंकला, आणि घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्मनं त्याला दिलेलं २१२ हे रेटिंग आजवर कुठल्याच चेसरला मिळालेलं नाही. मला विचाराल तर वंशावळ इथे चुकली नव्हती. लोकांनी बापाचं नाव वाचून आईचं वाचलंच नाही.

पुण्या-मुंबईच्या रेसमध्ये या ज्ञानाचा उपयोग?

थोडाच. भारतात जंप रेस होत नाहीत, सगळं फ्लॅट, आणि आपल्याकडे लवकर तयार होणाऱ्या, वेगवान ओळींना मागणी. पण मुळं तीच. भारतात वर्षानुवर्षं गाजलेला बाप रझीन हा नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा, म्हणजे सॅडलर्स वेल्सशी त्याचा बाप एक. पान वाचायची पद्धतही तीच, फक्त महालक्ष्मीवर पहिल्या आईखाली उड्यांऐवजी हजार-बाराशे मीटरची नावं दिसतील.

बंपरमध्ये कधीच न पळलेले घोडे असतात. तिथे वंशावळीवर पैज लावावी का?

लावायचीच असेल तर थोडी लावा. पाचपैकी चार घोडे पहिल्यांदाच पळत असतील तेव्हा पान हाच एकमेव पुरावा असतो, पण तो बाजारालाही दिसत असतो, त्यामुळे चांगल्या आईच्या पोरावरचा पैजेचा भाव आधीच कमी झालेला असतो, जिंकलात तरी थोडेच पैसे मिळतात. त्यापेक्षा उलटा उपयोग करा. आई, आजी, बाप तिन्हीकडे फक्त अडीच-तीन मैलांचे दमदार घोडे असतील तर पोरगं दोन मैलांच्या बंपरमध्ये हरलं म्हणून त्याला खोडू नका. दीड-दोन वर्षांनी चिखलात, तीन मैलांवर, फेन्स लावून ते परत बघा.

पान फुकटात कुठे पाहायला मिळतं?

गॉफ्स आणि टॅटरसॉल्स आयर्लंड दोघेही लिलावाच्या आधी आपापल्या संकेतस्थळांवर पूर्ण कॅटलॉग टाकतात, नोंदणीही लागत नाही. रेसच्या दिवशी कार्डावर घोड्याच्या नावाखाली बाप, आई आणि कंसात आईचा बाप अशी ओळ असते. जूनच्या स्टोअर लिलावातली चार-पाच पानं सेव्ह करून ठेवा आणि दोन वर्षांनी त्या आयांची नावं कार्डावर शोधा.